संत सिप्रियन : ढळलेल्यांना परत आणणारे रक्तसाक्षी बिशप



दरवर्षी १६ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा दोन रक्तसाक्षींचे एकत्र स्मरण करते. एक, रोमचे पोप संत कॉर्नेलियस आणि दुसरे, उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचे बिशप संत सिप्रियन. मिस्सामध्ये धर्मगुरू जेव्हा पहिली युखरिस्त प्रार्थना म्हणतात, तेव्हा प्रेषितांच्या पाठोपाठ काही जुन्या संतांची नावे आपल्या कानांवर पडतात. त्यांत ही दोन नावेही एकापाठोपाठ येतात. आपण ती ऐकतो, पण ती माणसे कोण होती हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. म्हणून आजच्या पाठात संत सिप्रियन ह्यांचे जीवन आणि मरण समजून घेऊ.

रक्तसाक्षी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न डगमगता मरणाला सामोरा जाणारा वीर उभा राहतो. संत सिप्रियन तसे होतेच. परंतु त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे वेगळ्याच कामात गेली. ज्यांना त्या कसोटीत टिकता आले नाही, जे घाबरले, ढळले, त्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्या दारात येऊन पडला होता. तो प्रश्न त्यांनी कसा सोडवला, हे आजच्या आपल्या कुटुंबांनाही उपयोगी पडणारे आहे.

वक्ता ते बिशप

त्यांचे पूर्ण नाव थॅशियस सेसिलियस सिप्रियन. त्यांचा जन्म तिसऱ्या शतकाच्या आरंभी एका सधन कुटुंबात झाला. कार्थेज हे रोमन साम्राज्यातील मोठ्या शहरांपैकी एक होते. आजच्या ट्युनिशिया देशात, ट्युनिस शहराजवळ त्याचे अवशेष आहेत. सिप्रियन तेथे वक्तृत्वशास्त्राचे नामांकित शिक्षक होते. मान होता, पैसा होता, बागबगीचा असलेले घर होते. परंतु मन समाधानी नव्हते. इतकी वर्षे अंगवळणी पडलेल्या सवयी सोडून माणूस खरोखर नव्याने जन्मू शकतो का, ही शंका त्यांना छळत होती असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

एका वयोवृद्ध धर्मगुरूंच्या सहवासाने त्यांना श्रद्धेची वाट दाखवली आणि इ. स. २४६ च्या सुमारास त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला. त्या धर्मगुरूंची आठवण म्हणून त्यांनी सेसिलियस हे नाव धारण केले. लगेच त्यांनी आपली बरीचशी मालमत्ता विकून पैसा गोरगरिबांना वाटला. दोन-तीन वर्षांतच, म्हणजे २४८-२४९ च्या सुमारास, लोकांनी त्यांना कार्थेजचे बिशप म्हणून निवडले. नवख्या माणसाला एवढा मान मिळालेला काही जुन्या धर्मगुरूंना रुचला नाही. पाच जणांनी विरोध केला आणि त्यांतील काहींनी तो पुढेही चालू ठेवला.

ही माहिती आपल्याला मिळते ती मुख्यतः तीन ठिकाणांहून. त्यांचे डीकन पोंतियस ह्यांनी त्यांचे चरित्र लिहिले. त्यांच्यावरील खटल्याची नोंद जतन झाली. शिवाय त्यांचा ८१ पत्रांचा संग्रह आज उपलब्ध आहे. त्यांत त्यांनी लिहिलेली आणि त्यांना आलेली अशी दोन्ही प्रकारची पत्रे आहेत.

एका दाखल्यासाठी

बिशप होऊन वर्षही उलटले नसेल, तोच संकट आले. सम्राट डेशियस ह्याने २४९ च्या अखेरीस हुकूम काढला की साम्राज्यातील प्रत्येकाने रोमच्या देवतांना बळी अर्पण करावा आणि तसे केल्याचा सरकारी दाखला घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. पपायरसच्या त्या तुकड्यांवर माणसाचे नाव, गाव, त्याने बळी वाहिला, पेय ओतले, प्रसाद चाखला ह्याची नोंद आणि अधिकाऱ्यांची साक्ष आहे. एखाद्या कार्यालयातून आपण दाखला आणतो, तसाच तो कागद. परंतु त्या कागदावर ख्रिस्ती माणसाचा सारा विश्वास पणाला लागला होता.

२० जानेवारी २५० रोजी रोममध्ये पोप संत फेबियन ह्यांना मरण आले. कार्थेजमध्ये मात्र त्या दिवसांत काही वेगळेच घडले. अनेक वर्षांच्या शांततेमुळे ख्रिस्ती लोक सुस्तावले होते. हुकूम निघताच ते स्वतःहून टेकडीवरील देवळाकडे धावत सुटले. गर्दी एवढी की संध्याकाळ झाल्यावर अधिकारी म्हणाले, उद्या या. तर आजच उरकून टाका अशी विनवणी लोक करू लागले. संत सिप्रियन ह्यांनी हे सारे जड अंतःकरणाने लिहून ठेवले आहे.

सगळेच एका पायरीवर नव्हते. काहींनी बळी वाहिला. काहींनी नुसता धूप जाळला. काहींनी यांपैकी काहीच केले नाही; त्यांनी अधिकाऱ्याच्या हातावर पैसे ठेवून खोटा दाखला मिळवला. आपण देवतेसमोर वाकलो नाही, तेव्हा आपले काही चुकले नाही, असे ते म्हणत.

काही मात्र टिकले. बोना नावाच्या एका स्त्रीला तिच्या नवऱ्याने ओढत वेदीपाशी नेले. इतरांनी तिचे हात धरून जबरदस्तीने बळी वाहविला. हे मी केले नाही, तुम्ही केले, असे ती ओरडून सांगत राहिली. तिला हद्दपार करण्यात आले. न्युमिडिकस नावाच्या गृहस्थांनी आपल्या पत्नीला जळताना पाहिले. त्यांनाही अर्धवट जाळून, दगड मारून, मेले समजून टाकून देण्यात आले होते. त्यांच्या मुलीने शोध घेतला तेव्हा धुगधुगी दिसली. पुढे संत सिप्रियन ह्यांनी त्यांना आपल्या धर्मगुरूंत सामील करून घेतले.

बिशप लपले

आणि बिशप स्वतः? ते शहर सोडून लपून बसले. त्यांची मालमत्ता जप्त झाली. जमाव त्यांना सिंहापुढे टाकण्याची मागणी करत होता.

हे ऐकून कोणाच्याही मनात प्रश्न येईल. मेंढपाळ पळाला, मग मेंढरांना दोष कसला द्यायचा? रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजला पाठवलेल्या पत्रातही मोलकरी मेंढपाळाचा उल्लेख करून असाच टोमणा होता. विरोधकांना तर आयतेच कोलीत मिळाले. संत सिप्रियन ह्यांनी उत्तरादाखल आपण लपलेल्या जागेतून लिहिलेल्या १३ पत्रांच्या प्रती रोमला पाठवल्या. शब्दांपेक्षा कामावरून पारख व्हावी अशी त्यांची इच्छा होती. आपण तेथे असल्याने लोकांवरील रोष अधिक भडकेल आणि प्रभूनेही छळात दुसरीकडे जाण्याची मुभा दिली आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या पत्रांतून दिसते की ते कळपापासून दूर असले, तरी कळप त्यांच्या मनातून दूर झाला नव्हता. तुरुंगातील बंधूंना जेवण पोहोचते का, विधवा, आजारी आणि गरिबांना पैसे मिळतात का, परगावाहून आलेल्यांची सोय होते का, मरण पावलेल्या साक्षीदारांच्या तारखा टिपून ठेवल्या का, ह्याची ते एकेक चौकशी करतात. स्वतःजवळचे पैसेही ते पाठवतात.

तरीही, आपण लपलो होतो ही गोष्ट त्यांच्या शत्रूंनी विसरू दिली नाही. कदाचित त्यामुळेच ढळलेल्यांकडे पाहताना त्यांना माणसाचा दुबळेपणा आतून कळत असावा.

दोन टोके

२५१ साली सम्राट डेशियस लढाईत ठार झाला. छळाचा जोर त्याआधीच ओसरला होता. पास्काच्या सणानंतर संत सिप्रियन कार्थेजला परतले. आता ढळलेले लोक दाराशी उभे होते. रडत होते, परत घ्या म्हणत होते. त्यांचे काय करायचे?

एक गट म्हणाला, घ्या, लगेच घ्या. फेलिसिसिमस नावाचा पुढारी आणि सिप्रियनविरोधी धर्मगुरू ह्या बाजूचे होते. तुरुंगात हालअपेष्टा सोसलेल्या साक्षीदारांचा लोकांत मोठा मान होता. त्यांच्याकडून चिठ्ठी आणायची आणि थेट पवित्र कम्युनियनला जायचे, असा प्रघात पडू लागला होता. काही चिठ्ठ्या तर 'अमुक आणि त्याच्या घरचे' अशा मोघम असत. घरचे म्हणजे किती, कोण, कशासाठी, काही पत्ता नाही. प्रायश्चित्त नाही, पश्चात्ताप नाही.

दुसरा गट म्हणाला, घेऊ नका, कधीच घेऊ नका. रोममधील विद्वान धर्मगुरू नोव्हेशियन ह्याचे हे मत होते. ज्यांनी ख्रिस्ताला नाकारले त्यांना क्षमा देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही, असे तो सांगू लागला. मार्च २५१ मध्ये कॉर्नेलियस पोप निवडले गेले तेव्हा त्यांच्याविरुद्ध तो स्वतःच प्रतिबिशप होऊन बसला. संत सिप्रियन ह्यांनी चौकशी करून पोप कॉर्नेलियस ह्यांना ठाम पाठिंबा दिला. त्या दोघांची नावे आजही एकत्र घेतली जातात त्यामागे हा इतिहास आहे.

संत सिप्रियन दोन्ही टोकांना गेले नाहीत. २५१ साली त्यांनी आफ्रिकेतील बिशपांची सभा बोलावली. तिथे प्रत्येकाचे प्रकरण नीट तपासून निर्णय घ्यायचे ठरले. ज्यांनी फक्त दाखला मिळवला होता, त्यांना प्रायश्चित्तानंतर परत घ्यावे. ज्यांनी प्रत्यक्ष बळी वाहिला, त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे आणि मरणाच्या वेळी त्यांना शांती द्यावी.

एका पत्रात त्यांनी ह्यामागील विचार उलगडून सांगितला आहे. जो स्वतःहून धावत गेला आणि जो खूप झुंजून शेवटी हरला, ते दोघे सारखे कसे? ज्याने आपल्या बायकामुलांना आणि कुळांनाही सोबत ओढले आणि ज्याने एकट्याने जाऊन घरादाराला वाचवले, ते दोघे सारखे कसे? काहींनी तर दाखला घेतल्यावर छळातून पळालेल्या बंधूंना आपल्याच घरात आसरा दिला होता. सगळी पापे एकाच मापाने मोजणारे तत्त्वज्ञ असतील, पण ख्रिस्ती मेंढपाळ तसे करू शकत नाही.

बंधुभगिनींनो, घराचे उदाहरण घेऊ. घराला दार असते आणि दाराला उंबरठाही असतो. पहिल्या गटाला उंबरठाच नको होता. मग आत आणि बाहेर ह्यांत फरक काय राहिला? दुसऱ्या गटाने दारालाच कुलूप ठोकले. मग परतलेल्या मुलाने जायचे कुठे? संत सिप्रियन ह्यांनी दार उघडे ठेवले आणि उंबरठाही ठेवला. येणाऱ्याने थांबावे, आपण काय केले ते ओळखावे, मान खाली घालावी आणि मग आत यावे.

ते कोणाला आशाहीन करत नसत. कॅस्टस आणि एमिलियस ह्या दोघांची आठवण ते करून देतात. पहिल्या खेपेस ते यातनांपुढे हरले. दुसऱ्या खेपेस मात्र आगीपुढेही हरले नाहीत. ज्या प्रभूने त्यांना एकदा पडताना पाहिले, त्यानेच त्यांना विजयी केले.

पुढे २५२-५३ च्या सुमारास नव्या छळाची चिन्हे दिसू लागली. तेव्हा संत सिप्रियन आणि इतर ४१ बिशपांनी आधीचा निर्णय अधिक सौम्य केला. जे मनापासून प्रायश्चित्त करत होते, त्या सर्वांना लगेच शांती द्यायचे ठरले. कारण अगदी साधे होते. ज्यांना लढायला पाठवायचे त्यांना निःशस्त्र कसे पाठवणार? ज्यांनी ख्रिस्तासाठी रक्त सांडावे अशी आपली अपेक्षा, त्यांना ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त कसे नाकारणार? पवित्र कम्युनियन हे शहाण्यासुरत्यांना मिळणारे बक्षीस नव्हे. ती दुबळ्यांना मिळणारी ताकद आहे, हे त्या बिशपांनी ओळखले होते.

साथीच्या दिवसांत

त्याच काळात भयंकर साथ आली. संत सिप्रियन ह्यांनी तिची लक्षणे लिहून ठेवली आहेत. जुलाब, न थांबणाऱ्या उलट्या, अंगाची आग, लाल झालेले डोळे, काहींचे हातपाय किंवा दृष्टी जाणे, अशी ती होती. इतिहासकार आजही तिला सिप्रियनची साथ म्हणतात. पोंतियस सांगतात की लोक आपल्याच माणसांना टाकून पळत होते आणि रस्त्यांत प्रेते पडली होती.

बिशपांनी लोकांना गोळा केले. फक्त आपल्याच माणसांची सेवा करण्यात विशेष ते काय, असे त्यांनी विचारले. स्वर्गीय पिता सूर्य सर्वांवर उगवतो आणि पाऊस सर्वांवर पाडतो, मग त्याच्या लेकरांनी छळ करणाऱ्यांचीही सेवा करायला हवी. कामे वाटून देण्यात आली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी पैसा दिला, ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी अंगमेहनत दिली. कालपर्यंत ज्यांनी दाखल्यासाठी ख्रिस्ती लोकांना धमकावले, त्यांच्याही घरी मदत पोहोचली. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा शेजाऱ्याच्या दारातही जाण्याची भीती वाटत होती, हे आठवले म्हणजे त्या माणसांचे धैर्य आपल्याला कळेल.

त्याच सुमारास न्युमिडियातील ख्रिस्ती लोकांना टोळीवाल्यांनी पळवून नेले. त्यांच्या सुटकेसाठी कार्थेजच्या भाविकांनी एक लाख सेस्टर्स, म्हणजे त्या काळच्या मानाने फार मोठी रक्कम जमवून पाठवली. पुन्हा अशी वेळ आली तर कळवा, असेही बिशपांनी पत्रात आवर्जून लिहिले.

संतही चुकू शकतात

संत सिप्रियन ह्यांचे सगळेच मत ख्रिस्तसभेने मान्य केलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ख्रिस्तसभेतून फुटलेल्यांनी दिलेला स्नानसंस्कार खरा नाही, तेथून येणाऱ्यांना पुन्हा स्नानसंस्कार द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. २५६ साली ८७ बिशपांच्या सभेने त्यांना साथ दिली. पोप संत स्टीफन ह्यांनी मात्र ह्याला ठाम विरोध केला. पुढे ख्रिस्तसभेने रोमचीच बाजू धरली, कारण स्नानसंस्कार हा देणाऱ्या माणसाचा नसून ख्रिस्ताचा असतो. संत सिप्रियन ह्यांनी मतभेद असूनही ऐक्य तोडले नाही, ह्याचा संत ऑगस्टीन ह्यांनी पुढे मोठा गौरव केला.

हद्दपारी

२५७ साली सम्राट व्हॅलेरियन ह्याने नवा हुकूम काढला. ह्या वेळी रोख बिशप, धर्मगुरू आणि डीकन ह्यांच्यावर होता. ३० ऑगस्ट २५७ रोजी संत सिप्रियन ह्यांना प्रांताधिपती पॅटर्नस ह्याच्यापुढे उभे करण्यात आले. आपण ख्रिस्ती आहोत, बिशप आहोत आणि एकाच खऱ्या देवाची भक्ती करतो, असे त्यांनी सांगितले. इतर धर्मगुरूंची नावे विचारली तेव्हा त्यांनी ती दिली नाहीत. चुगलखोरी तुमच्याच कायद्याला मान्य नाही, असे उत्तर त्यांनी दिले. त्यांना कुरुबिस ह्या समुद्रकाठच्या गावी हद्दपार करण्यात आले. डीकन पोंतियस त्यांच्या सोबत गेले.

पुढल्या वर्षी हुकूम अधिक कडक झाला. आता शिक्षा मरणाचीच होती. ६ ऑगस्ट २५८ रोजी पोप संत सिक्स्टस दुसरे ह्यांना रोममध्ये ठार मारण्यात आले आणि चार दिवसांनी त्यांचे डीकन संत लॉरेन्स ह्यांना. संत सिप्रियन तोवर परत येऊन आपल्या बागेतील घरी राहत होते. बड्या मित्रांनी त्यांना पळून जाण्याचा आग्रह केला, लपण्यासाठी जागाही देऊ केल्या. ह्या वेळी त्यांनी नकार दिला.

फक्त एकदा ते थोडे दिवस बाजूला झाले. प्रांताधिपती तेव्हा युटिका शहरात होता आणि त्यांना तेथे नेण्यासाठी माणसे येणार होती. बिशपाने ज्या शहरात सेवा केली त्याच शहरात, आपल्या लोकांच्या देखत विश्वासाची साक्ष द्यावी, अशी त्यांची इच्छा होती. प्रांताधिपती कार्थेजला येताच ते आपल्या बागेत येऊन शांतपणे वाट पाहू लागले. आठ वर्षांपूर्वी ते आपल्या लोकांसाठी लपले होते. आता आपल्या लोकांसाठीच ते उभे राहिले.

शेवटचे दोन दिवस

१३ सप्टेंबर २५८ रोजी दोन अधिकारी आले आणि त्यांना रथात मध्ये बसवून घेऊन गेले. प्रांताधिपती गॅलेरियस मॅक्सिमस आजारी असल्याने सुनावणी दुसऱ्या दिवसावर गेली. रात्री त्यांना एका अधिकाऱ्याच्या घरी ठेवण्यात आले. बातमी पसरली आणि ख्रिस्ती लोकांनी त्या घरासमोरचा रस्ता भरून गेला. रात्रभर कोणी हलले नाही. आतून बिशपांनी निरोप पाठवला, गर्दीतल्या तरुण मुलींना सांभाळा. उद्या आपले मरण आहे हे माहीत असताना त्यांना काळजी वाटत होती ती दुसऱ्यांच्या लेकींची.

सकाळी त्यांना न्यायालयाकडे नेले. वाट लांब होती, ऊन होते, कपडे घामाने भिजले. बसायला जे आसन मिळाले ते योगायोगाने पांढऱ्या कापडाने आच्छादलेले होते, जणू बिशपांचेच आसन. तिथे एक शिपाई पुढे झाला. पोंतियस सांगतात की तो पूर्वी ख्रिस्ती होता. ओले कपडे मला द्या, माझे कोरडे घ्या, असे तो म्हणाला. बिशपांचा घाम लागलेला तो कपडा आपल्याजवळ राहावा, अशी त्याची इच्छा होती. ज्या तक्रारी बहुधा आजच संपणार आहेत त्यांच्यावर इलाज कशाला, असे म्हणून संत सिप्रियन ह्यांनी सौम्यपणे नकार दिला. तो शिपाई पुढे परत आला की नाही, हे पोंतियस सांगत नाहीत. परंतु श्रद्धा सोडलेला माणूसही त्या शेवटच्या सकाळी ह्याच बिशपांजवळ आला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खटला काही मिनिटांत आटोपला. प्रांताधिपतीने नाव विचारले, त्यांनी होकार दिला. बळी वाहण्याची आज्ञा सांगितली, त्यांनी नकार दिला. विचार कर, असे त्याने बजावले. इतक्या न्याय्य गोष्टीत विचार करण्यासारखे काही नाही, तुम्हाला जी आज्ञा आहे ती पाळा, असे ते म्हणाले. प्रांताधिपतीने तलवारीने मृत्यूची शिक्षा वाचून दाखवली. संत सिप्रियन ह्यांनी देवाचे आभार मानले. बाहेरचा जमाव ओरडला, आमचाही त्यांच्यासोबत शिरच्छेद करा.

त्यांना झाडांनी वेढलेल्या एका मोकळ्या जागी नेण्यात आले. दूरवरच्या लोकांना दिसावे म्हणून काही जण जक्कयसारखे झाडांवर चढले. बिशपांनी अंगावरचा झगा काढला, गुडघे टेकून प्रार्थना केली. आतला अंगरखा उतरवून डीकनांच्या हाती दिला. मारेकऱ्याला २५ सोन्याची नाणी द्या, असे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले. लोकांनी त्यांच्यापुढे फडकी आणि रुमाल अंथरले. त्यांनी स्वतःचे डोळे बांधायला घेतले, पण गाठ जमेना. तेव्हा ज्युलियन नावाचे एक धर्मगुरू आणि त्याच नावाचे एक उपडीकन पुढे झाले आणि त्यांनी मदत केली. मारेकऱ्याचा हात थरथरत होता. दिवस होता १४ सप्टेंबर २५८.

रात्री ख्रिस्ती लोकांनी मेणबत्त्या आणि मशाली पेटवून, प्रार्थना करत, मोठ्या मिरवणुकीने त्यांचा देह नेऊन पुरला. लपूनछपून नव्हे, उघडपणे. आठ वर्षांपूर्वी ह्याच शहरातले ख्रिस्ती लोक दाखल्यासाठी रांगा लावत होते. त्यांच्यापैकी कितीतरी जण त्या रात्री मशाली घेऊन चालले असतील. ज्या बिशपांनी त्यांना दारातून परतवले नाही, त्यांच्या मागून ते चालले होते.

आपल्यासाठी बोध

पुढे त्यांच्या समाधीच्या आणि मृत्यूच्या ठिकाणी मंदिरे उभी राहिली. कार्थेजच्या बंदराजवळही त्यांच्या नावाचे एक प्रार्थनास्थळ होते. ३८३ च्या सुमारास एक आई तेथे रात्रभर रडत प्रार्थना करत होती. तिचा मुलगा श्रद्धेपासून दूर गेला होता आणि त्याच रात्री तिला फसवून तो रोमच्या जहाजात बसून निघून गेला. ती आई म्हणजे संत मोनिका आणि तो मुलगा म्हणजे पुढे बिशप झालेले संत ऑगस्टीन. ढळलेल्यांच्या बिशपांच्या दारात एका आईने ढाळलेले अश्रू वाया गेले नाहीत.

आज आपल्यापैकी कोणाला देवतेसमोर धूप जाळण्याचा सरकारी हुकूम नाही. पण आपल्या धर्मग्रामात ढळलेली माणसे नाहीत का? एखाद्या भांडणामुळे मंदिरात येणे सोडलेला काका असेल. विवाहाच्या गुंतागुंतीमुळे मागच्या बाकावर बसून निघून जाणारी बहीण असेल. व्यसनामुळे लाजणारा मुलगा असेल. वीस वर्षे प्रायश्चित्त संस्काराला न गेलेला, आता कोणत्या तोंडाने जाऊ असे म्हणणारा एखादा शेजारी असेल. ते एखाद्या रविवारी आले, तर आपण काय करतो? 'आज कशी काय आठवण झाली?' असा आपला एक टोमणा त्यांच्यासाठी दाराचे कुलूप ठरू शकतो.

तसेच, आपण स्वतः उंबरठा विसरून तर जात नाही ना? चुकीला चूक न म्हणता, पश्चात्ताप न करता, रांगेत उभे राहून पवित्र कम्युनियन घेणे ही सवय झाली आहे का? प्रायश्चित्त संस्कार हा आपल्याला अडवणारा अडसर नाही. आपल्या देवबापाच्या घरात मान वर करून राहता यावे म्हणून तो आहे.

संत सिप्रियन ह्यांनी प्रभूच्या प्रार्थनेवर एक सुंदर पुस्तिका लिहिली. प्रभूने आपल्याला 'माझ्या' नव्हे तर 'आमच्या' बापाला हाक मारायला शिकवले, ह्याकडे ते लक्ष वेधतात. त्या 'आमच्या' शब्दात आज मिस्साला न आलेलेही आहेत.

चिंतनासाठी प्रश्न

१. भीतीमुळे किंवा सोयीसाठी मी माझी श्रद्धा कोठे लपवतो? कामाच्या ठिकाणी, मित्रांत, व्यवहारात?

२. खोटा दाखला घेणाऱ्यांप्रमाणे, 'मी काही केलेच नाही' असे म्हणून मी कोणती चूक झाकून ठेवली आहे?

३. माझ्या कुटुंबात किंवा वाडीत श्रद्धेपासून दूर गेलेली एक व्यक्ती कोण? ह्या आठवड्यात मी तिला भेटून, उपदेश न करता, तिची विचारपूस करू शकतो का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू संत सिप्रियन ह्यांना कळपासाठी राबण्याचे आणि कळपासाठी मरण्याचे बळ दिलेस. आम्ही पडतो तेव्हा आम्हाला उठव. आमचे बंधुभगिनी परततात तेव्हा त्यांच्यासाठी दार उघडण्याचे मन आम्हाला दे. आमच्या बिशपांना आणि धर्मगुरूंना दया आणि सत्य दोन्ही सांभाळण्याचे शहाणपण दे. आमेन.